खेचरांच्या वाटेने, एका दिवसात

वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून दुपारी सुटणारी आगगाडी सुमारे तीन तासांत कंबरलँडला पोहोचते. सायकलीसाठी आगाऊ जागा राखून ठेवली असल्यास तीही गाडीतून नेता येते. डब्यात गारवा असतो, बसायला मऊ आसन असते आणि खिडकीबाहेर पोटोमॅक नदी कधी रुळांलगत येते, कधी झाडांआड होते. नदीच्या पैलतीरी झाडांची एक दाट रांग दूरवर सोबत करते. त्या झाडांखाली मातीची एक वाट आहे. सायकल घेऊन या गाडीत बसलेल्या प्रवाशाला दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने वॉशिंग्टनला परतायचे असते, आणि तेही एका दिवसात. गाडी ज्या गावांना भराभर मागे टाकते, त्यांची नावे तो मनात मोजत असतो.

ही वाट म्हणजे चेसापीक अँड ओहायो कालव्याचा काठ. मेरीलँड राज्यात पोटोमॅकच्या कडेने खणलेला हा कालवा कंबरलँडपासून वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउनपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर लांबीचा आहे. दोन टोकांच्या उंचीत ६०५ फुटांचा फरक पडतो. तो पार करण्यासाठी ७४ लॉक बांधले गेले. लॉक म्हणजे पाण्याची पायरीच. दोन्ही टोकांना दारे असलेल्या दगडी हौदात नाव घ्यायची, पाणी चढवायचे किंवा उतरवायचे आणि नाव वरच्या वा खालच्या पातळीवर सोडून द्यायची. नद्या-नाले ओलांडण्यासाठी ११ जलसेतू आणि एका डोंगरातून आरपार काढलेला बोगदा, असा हा पसारा. नावेला यंत्र नव्हते. काठावरून चालणारी खेचरे लांब दोराने नाव ओढत. त्यांच्या पावलांसाठी राखलेली ही काठाची वाट, जिला तिकडे टो-पाथ म्हणतात. आता नावा नाहीत आणि बऱ्याच भागात कालव्यात पाणीही नाही. तळात मोठाली झाडे उभी आहेत. वाट मात्र अखंड राहिली आहे.

एका दिवसाचा बेत आखणाऱ्याने प्रथम हिशेब मांडावा. वाटेवर सायकलीला ताशी १५ मैलांची मर्यादा आहे. कुठेही न थांबता, त्या मर्यादेला सतत चिकटून राहिले, तरी १२ तास १८ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात मुळे, खड्डे, चिखल, पाणी भरणे आणि खाणे धरून ताशी १० ते १२ मैलांची सरासरी पडली तरी भाग्य समजावे. म्हणजे १५ ते १८ तास. जून महिन्याच्या अखेरीस, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसांत, तेथे सूर्य क्षितिजावर असतो जेमतेम १५ तास. कागदावरच तूट दिसते. ती भरून काढण्यासाठी माणूस पहाटेच्या अंधारातून काही तास उसने घेतो आणि संध्याकाळच्या अंधारातही काही फेडायचे ठेवतो. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्यास हा व्यवहार धोक्याचा वाटेल, आणि तो तसा आहेही.

पहाटे चार वाजता कंबरलँडमध्ये रस्त्यावर चिटपाखरू नसते. कालव्याच्या टोकाशी दिवा लावून सायकल निघते. मैलाचे खांब जॉर्जटाउनपासून मोजलेले असल्यामुळे आकडे उतरत जातात: १८४, १८३, १८२. उतरता आकडा मनाला बरा वाटतो. चढाव नाही, कालवा जेथे सपाट, तेथे वाटही सपाट, आणि प्रत्येक लॉकपाशी सुमारे आठ फुटांचा छोटा उतार. दिव्याच्या प्रकाशात हरणाचे डोळे चमकतात. जूनमध्ये कासवे अंडी घालण्यासाठी पाण्यातून वर येतात आणि मऊ माती पाहून कधी नेमकी या वाटेवरच खळगा उकरत बसतात. अंधारात ती दगडासारखी दिसतात. ज्याचे लक्ष केवळ घड्याळाकडे, त्याने या पहिल्या दोन तासांत तरी वेग आवरावा.

उजाडता उजाडता पॉ पॉ बोगदा येतो. पॉ पॉ हे या खोऱ्यात उगवणाऱ्या एका फळझाडाचे नाव. नदी येथे इतकी वेडीवाकडी वळणे घेते, की तिच्या काठाने जाण्यापेक्षा डोंगर फोडणे अभियंत्यांना सोयीचे वाटले. १८३६ मध्ये काम सुरू झाले तेव्हा दोन वर्षांचा अंदाज होता. लागली चौदा वर्षे. बोगद्याची लांबी ३,११८ फूट. आतून सारे विटांचे अस्तर आहे. विटांची संख्या साठ लाखांवर जाते. पैसे संपल्याने काम मध्येच काही वर्षे बंद पडले होते. आत दिवे नाहीत. कालव्याच्या पाण्याला लागून अरुंद वाट, एका बाजूला लाकडी कठडा, डोक्यावर ठिबकणारे छत. सायकलवरून उतरून ती हाताने न्यावी लागते. मध्यावर आल्यावर पुढचे तोंड आणि मागचे तोंड दोन्ही टाचणीच्या डोक्याएवढी दिसतात. येथे वेळ वाचत नाही. एका दिवसाचा संकल्प केलेल्या माणसाची दहा-पंधरा मिनिटे बोगदा निमूटपणे घेतो.

बोगद्यातून एका वेळी एकाच नावेला जागा होती. दोन नावा समोरासमोर आल्या आणि दोन्ही नावाड्यांनी माघार घेण्यास नकार दिला, अशी एक कथा तेथे सांगतात. अनेक दिवस दोन्ही बाजूंना नावांची रांग लागली. शेवटी कंपनीच्या माणसाने एका तोंडाशी जाळ करून धुराने एकास बाहेर काढले म्हणे. कथा खरी असो वा रचलेली, पेठेत गाडी समोरासमोर अडलेली ज्याने पाहिली आहे, त्याला ती पटेल.

बोगद्याच्या खालच्या अंगाला लॉकचे क्रमांक पाहण्यासारखे आहेत. ६२ नंतर ६३⅓, मग ६४⅔ आणि लगेच ६६. आराखड्यात चार लॉक धरले होते, पण तीनच पुरतील असे लक्षात आले. तोवर वरच्या साऱ्या लॉकांना क्रमांक देऊन झाले होते. ते बदलण्याऐवजी कारकुनी अपूर्णांकाने तूट भरून काढली. खतावणीत चुकलेली रक्कम शेवटच्या पानावर जुळवून घ्यावी तसा हा प्रकार. या भागातील लॉकांमध्ये घडीव दगड परवडला नाही, म्हणून ओबडधोबड दगडांना आतून लाकडी फळ्या ठोकल्या गेल्या. भांडवल आटत चालल्याची ही खूण सायकलवरूनही ओळखू येते.

कंबरलँड ते हँकॉक या ६० मैलांत दुकाने मोजकीच, आणि ज्या वेळी सायकल तेथून जाते त्या वेळी ती उघडी असतील याचा भरवसा नाही. शाकाहारी माणसाने शिदोरी जवळच बाळगावी. दशम्या, खजूर, शेंगदाणे, गूळ हे पदार्थ घामाने भिजलेल्या पिशवीतही टिकतात आणि पायांना बळ देतात. साधारण दर पाच-सात मैलांवर मुक्कामाची मोकळी जागा आणि हातपंप आढळतो. पाण्यात आयोडीन मिसळलेले असते, त्यामुळे चव औषधासारखी लागते. तरी दुपारनंतर त्या चवीबद्दल कोणी तक्रार करीत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरातील प्रवाशाला जूनचा महिना सोयीचा, कारण उजेड रात्री साडेआठपर्यंत टिकतो.

लिटल ऑर्लिन्सपासून एक मोह सुरू होतो. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या जुन्या मार्गावर डांबरी सायकलवाट केलेली आहे. ती काही मैल कालव्याला समांतर, हाकेच्या अंतरावरून जाते. डांबरावर चाक गुळगुळीत पळते आणि तासाचा हिशेब सुधारतो. पण मग कालव्याची वाट पुरी केली असे म्हणता येईल काय? या प्रश्नावर सायकलस्वारांमध्ये एकमत नाही. कटाक्ष पाळणारे चिखलातूनच जातात. त्या डांबरी वाटेचीही एक गंमत आहे. इंडिगो नावाच्या जुन्या रेल्वे-बोगद्यात वटवाघळांची वस्ती आहे. त्यांना त्रास होऊ नये म्हणून बोगदा बंद ठेवला आहे आणि सायकलींना तेवढ्या टप्प्यापुरते खाली कालव्याच्या काठावर उतरवले आहे. वटवाघळांसाठी माणसांची वाट वळवली गेली, ही गोष्ट आगगाडीतून दिसत नाही.

हँकॉकपाशी मेरीलँड राज्य दोन मैलांहूनही अरुंद होते. येथे पोटभर खावे, दोरीवर कपडे वाळत टाकावेत अशी इच्छा होते. पण घड्याळात साडेनऊ-दहा झालेले असतात आणि खांबावरचा आकडा १२४ सांगतो. अजून दोन तृतीयांश वाट शिल्लक.

विल्यम्सपोर्टला पोहोचेपर्यंत दुपार होते. आकडा शंभरच्या खाली येतो. गावात एका जलसेतूची दुरुस्ती करून त्यात पुन्हा पाणी सोडले आहे, त्यामुळे नदीवर कालवा आणि कालव्यावर नाव असे जुने दृश्य येथे पाहायला मिळते. १८३४ च्या जानेवारीत याच परिसरात कालवा खणणाऱ्या आयरिश मजुरांच्या दोन गटांत रक्तपात झाला. मजुरी थकलेली, काम कमी झालेले, थंडी कडाक्याची. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी केंद्राचे सैन्य पाठवले. कामगारांच्या तंट्यात अमेरिकेचे सैन्य उतरण्याचा तो पहिला प्रसंग. दोन वर्षे आधी याच कालव्यावर पटकीने किती तरी मजूर दगावले होते. वाटेच्या कडेने अशा मृतांच्या नावाचे फलक फारसे नाहीत.

पुढे बिग स्लॅकवॉटर हा भाग लागतो. डोंगराचा कडा नदीला इतका भिडलेला, की कालव्याला जागाच उरली नाही. धरणाने संथ केलेल्या नदीच्या पात्रातूनच नावा नेत आणि खेचरे कड्याच्या पायथ्याशी चालत. आता तेथे काँक्रीटची वाट बांधली आहे. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला निश्चल पाणी, वर ससाण्यांची घिरटी. साऱ्या मार्गावर याहून मनोहर दोन मैल नसावेत. एका दिवसाचा प्रवासी ते दहा मिनिटांत पार करतो, आणि नेमक्या याच वेळी त्याचे मनगट बधिर झालेले असते.

मनगट, मान, तळपाय आणि बैठकीची जागा. पायांआधी ही थकतात. मातीच्या वाटेवर चाक अखंड थरथरते आणि ती थरथर हाडांत उतरते. चढ-उतार नसल्यामुळे पाय थांबवून सायकल सोडून देण्याची संधीही मिळत नाही. घाटातल्या रस्त्यावर चढाचे मोल उताराने वसूल होते. येथे तशी वसुली नाही. वरून अरण्याची एकसारखी हिरवी कमान. शंभर मैलांनंतर पुष्कळांना झाडे दिसेनाशी होतात. समोरच्या चाकाखालचा दहा फूट मातीचा पट्टा तेवढा दिसतो.

खेचरांना असा दिवस कधी काढावा लागला नाही. सहा तासांची पाळी झाली की जोडी बदलली जाई आणि थकलेली जनावरे नावेच्याच पुढील भागातील तबेल्यात विसावत. सुमारे ९२ फूट लांबीच्या नावेत १०० टनांहून अधिक कोळसा भरला जाई. कंबरलँड ते जॉर्जटाउन हा फेरा पाच ते सात दिवसांचा. नावाड्याचे कुटुंब नावेतच राही. स्वयंपाक तेथेच, झोप तेथेच. पाण्यात पडू नये म्हणून तान्ही मुले दोरीने बांधून ठेवीत. थोडी मोठी झालेली मुले खेचरांबरोबर चालत, पुष्कळदा अनवाणी. आज जेथे बारीक खडी पसरून वाट सुधारली आहे, तेथे ही मुले दिवसाकाठी कितीतरी मैल चालली. लॉकजवळ नाव आली की शिंग फुंकले जाई. मग दिवस असो की मध्यरात्र, लॉकवाल्याने उठून दारे उघडायची. त्याला राहायला दगडी घर, थोडी जमीन आणि अल्प वेतन मिळे. त्यांपैकी काही घरे आता प्रवाशांना रात्रीपुरती भाड्याने मिळतात.

दुपार कलताना हार्पर्स फेरी येते. आकडा ६०. पोटोमॅक आणि शेनॅन्डोह या दोन नद्यांचा येथे संगम आहे. पलीकडे खडकावर गाव, आणि नदीवरून गेलेला रेल्वेपूल. तेथून पॉइंट ऑफ रॉक्सपर्यंतचे बारा मैल व्यापारी घराण्यांनी सावकाश पाहावेत असे आहेत. डोंगर आणि नदी यांच्यामधली जमीन येथे चिंचोळी आहे, आणि त्या चिंचोळ्या पट्टीसाठी दोन कंपन्या न्यायालयात गेल्या.

४ जुलै १८२८ या एकाच दिवशी दोन समारंभ झाले होते. वॉशिंग्टनजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी कालव्याची पहिली कुदळ मारली. कुदळ मुळात अडकली, तेव्हा त्यांनी कोट काढून ठेवला आणि पुन्हा घाव घातला. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये वयाची नव्वदी गाठलेल्या चार्ल्स कॅरोल यांनी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पायाचा दगड बसवला. दोघांनाही पश्चिमेकडील ओहायो नदीचा व्यापार हवा होता. जागेचा खटला १८३२ मध्ये कालव्याच्या बाजूने लागला. पुढे तडजोड झाली आणि दोन्ही मार्ग खांद्याला खांदा लावून निघाले. पण खटला जिंकणारा शर्यत हरला. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली. कालवा पोहोचला १८५० मध्ये. तोवर खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला होता. दोन्ही प्रकल्पांत भांडवल ओतणाऱ्या मेरीलँड राज्याला १८४२ मध्ये आपल्या कर्जावरचे व्याजही देता आले नाही. ओहायो नदी तर कालव्याने कधी पाहिलीच नाही.

यावरून कालवा फसला असे म्हणणे मात्र घाईचे होईल. १८७० च्या दशकात कोळशाच्या वाहतुकीने त्याला चांगले दिवस दाखवले. १८८९ च्या महापुराने त्याचे कंबरडे मोडले. दिवाळे निघाले आणि कारभार अखेर प्रतिस्पर्धी रेल्वेच्याच हाती गेला. दुसऱ्या रेल्वेने ही जमीन बळकावू नये म्हणून तिने कालवा चालू ठेवला. १९२४ च्या पुरानंतर नावा कायमच्या थांबल्या. १९३८ मध्ये सरकारने २० लाख डॉलरला तो विकत घेतला. आजही या बारा मैलांत संध्याकाळी मालगाडी जाते, कोळशाचे वाघिणीमागून वाघीण डबे सायकलस्वाराच्या डाव्या हाताने धडधडत पुढे निघून जातात, आणि तो जमेल तेवढे पायडल मारीत राहतो.

सरकारी मालकीनंतर या जागेवर मोटाररस्ता करण्याची योजना निघाली. जानेवारी १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने तिला अग्रलेखातून पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या पत्राच्या संपादकांना जाहीर आवाहन केले: आपल्याबरोबर ही वाट पायी चालून पाहा, मग लिहा. संपादकांनी ते स्वीकारले. २० मार्चला कंबरलँडहून ५८ माणसे निघाली. आठ दिवसांनी सारे अंतर पायी पुरे करणारे नऊच होते. डग्लस त्यांच्यात होते, वय ५५. संपादकांना शेवटपर्यंत जमले नाही, पण त्यांनी आपले मत बदलले. रस्ता झाला नाही, आणि १९७१ मध्ये हा सारा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. ज्या वाटेसाठी न्यायमूर्ती आठ दिवस चालले, ती एका दिवसात संपवण्याची घाई त्यांना कितपत रुचली असती, हा प्रश्न पॉइंट ऑफ रॉक्सच्या पुढे कोणाच्याही मनात यावा.

मोनोकॅसी जलसेतू ४२ व्या मैलावर आहे. सात कमानी, ५१६ फूट लांबी, फिकट गुलाबी छटेचा कठीण दगड. १८३३ मध्ये तो पुरा झाला. यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने तो उडवून देण्याचा प्रयत्न केला, पण दगड हलला नाही. जलसेतूवर सायकल हाताने न्यायची असते. पहाटे चारपासून निघालेला माणूस येथे पोहोचतो तेव्हा सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आलेला असतो. त्याला दीड तासाचा उजेड आणि ४२ मैल उरलेले दिसतात. पाय थांबल्यामुळे अंग कळा देऊ लागते. चूक झाली असेल तर ती येथे उघडी पडते: हँकॉकला रेंगाळणे, एक पंक्चर, दुपारी कमी प्यालेले पाणी.

येथून दोन वाटा फुटतात, जरी जमिनीवर वाट एकच असते. काही जण जवळच्या मुक्कामाच्या जागी सायकल झाडाला टेकवून ठेवतात, पंप हापसून तोंड धुतात आणि उरलेली शिदोरी उजेडात संपवतात. त्यांचा एक दिवसाचा संकल्प येथे मोडतो. सकाळी उठल्यावर त्यांना सात कमानींचे प्रतिबिंब संथ पाण्यात पूर्ण वर्तुळे करताना दिसते.

बाकीचे दिवा लावून निघतात. एडवर्ड्स फेरी, सेनेका, स्वेन्स लॉक ही नावे अंधारात फलकावर वाचायची. ग्रेट फॉल्सजवळ नदी खडकांवरून कोसळते. धबधबा दिसत नाही, त्याचा आवाज मात्र बराच वेळ कानांत राहतो. तेथे थोड्याच अंतरात सहा लॉक ओळीने लागतात, म्हणजे सहा छोटे उतार. दिवसभरात न मिळालेली विश्रांती पायांना एकदमच मिळते. शेवटच्या मैलांत शहराचा उजेड आभाळावर दिसू लागतो आणि गाड्यांचा घोष नदीवरून येतो. जॉर्जटाउनमध्ये कालव्याच्या काठी डग्लस यांचा अर्धपुतळा आहे, पण रात्री त्याकडे मान वळवायला कोणास त्राण नसते.

शून्य मैलाचा खांब गावात ठळक जागी नाही. रॉक क्रीक नावाचा ओढा पोटोमॅकला मिळतो त्या टोकाशी, एका नौकागृहाच्या मागे तो उभा आहे. दिवसाउजेडी आलेल्यांनाही तो पुष्कळदा सापडत नाही. रात्री दहा-अकराला पोहोचलेला सायकलस्वार हँडलवरचा दिवा काढून हातात घेतो आणि नौकागृहाच्या भिंतीकडेने चाचपडत त्याला शोधू लागतो.